काकवी गरम असतानाच गाळा, मग निवळायला सोडा

शेतकरी बंधूंनो, दसऱ्याच्या सुमारास पेटलेली गुऱ्हाळांची चुलवाणे आता भरात आली आहेत. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ऊस पक्व असतो, रसात साखर भरपूर असते. काकवीची, म्हणजे गूळ होण्याआधीच उतरवलेल्या पातळ पाकाची, आधणे (एका वेळी आटवलेला रस) उतरवायची तर याच दिवसांत. मात्र एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी काकवी घरच्या डब्यात राहायची आणि तळाला बोटभर गाळ बसला तरी कुणी काही म्हणत नसे. आता ती काचेच्या बाटलीत जाते. गिऱ्हाईक बाटली उजेडाकडे धरून बघते, तळाला काळपट थर दिसला की खाली ठेवते. चव उत्तम असली तरी.

हा थर बनतो तो उसाच्या कांड्यांवरची बारीक माती, चिपाडाचा भुसा, चुलवाणातून उडून काहिलीत (रस आटवण्याच्या मोठ्या कढईत) पडलेली राख, रस तापल्यावर गोठलेली प्रथिने आणि चुन्याचे न विरघळलेले क्षार यांचा. जाडसर कण फडक्यात अडकतात, अगदी बारीक कण आरपार जातात. म्हणून शेवटच्या एका गाळणीवर सगळा भार टाकू नका.

सुरुवात रसापासून करा. उसाची मुळाकडची माती, मुळ्या, पाचट काढूनच ऊस घाण्यात घाला, आणि तोडलेला ऊस शक्यतो त्याच दिवशी गाळा. घाण्यातून रस पडतो तिथे स्टीलची बारीक जाळी, पुढे टाकीत जाताना मलमलचे फडके. टाकीत रस थोडा स्थिरावू द्या, पण फार थांबू नका, उसाचा रस लवकर आंबतो. टाकीच्या तळाचा गढूळ रस काकवीच्या आधणात घेऊ नका.

खरी गाळणी काहिलीत होते, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. ठेचून भिजवलेल्या रानभेंडीचे चिकट पाणी रसात घातले की मळी, म्हणजे रसातली घाण, एकत्र येऊन वर तरंगते. ती उकळी फुटण्याआधी काढायची. त्या वेळी जाळ मंद ठेवा, चुलवाणात चिपाड घालणाऱ्याला तसे सांगून ठेवा. एकदा का रस खळखळून उकळला की मळी फुटते आणि परत रसात मिसळते. मग कितीही पदरी फडके लावा, ती हाती लागत नाही. पहिल्या काळ्या मळीनंतर दुसरी फिकट मळी येते, तीही निगुतीने काढा. रंग उजळ यावा म्हणून हायड्रॉस पावडर (रंग उडवणारे रसायन) टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. फिकट रंगाची काकवी म्हणजे स्वच्छ काकवी नव्हे, आणि हे खाणाऱ्याच्या पोटात जाणार आहे.

गुळासाठी पाक ११८ अंशांच्या आसपास नेतात, काकवी १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला उतरवायची. हंगामाच्या सुरुवातीला तापमापक एकदा उकळत्या पाण्यात बुडवून पाहा. कोल्हापूरच्या उंचीवर तो साधारण ९८ दाखवील. त्यापेक्षा बराच कमी-जास्त दाखवत असेल तर तेवढा फरक धरून चाला. काकवी पातळ राहिली तर आंबते, फेस येतो. जास्त आटली तर बाटलीत साखरेचे खडे धरते. खडे धरू नयेत म्हणून १०० किलो काकवीला ४० ग्रॅम सायट्रिक आम्ल थोड्या पाण्यात विरघळवून घालावे.

उतरवल्या उतरवल्या गाळा. माझ्या पहिल्या हंगामात दमून मी ते काम सकाळवर टाकले. सकाळी काकवी इतकी घट्ट झाली होती की थेंब थेंब पडेना, तेव्हा फडके दोघांनी धरून पिळले. काकवी निघाली, पण तिच्याबरोबर सगळा गाळही निघाला. आठवड्याभरात प्रत्येक बाटलीत थर बसला. फडके कधीही पिळायचे नाही. आपल्या वजनाने जेवढे उतरेल तेवढेच घ्यायचे, उरलेले घरी वापरावे.

फडके नवे असेल तर आधी साध्या पाण्यात उकळून खळ काढा. धुताना फक्त गरम पाणी वापरा. साबणाचा वास कापडात राहतो आणि पुढच्या आधणाला लागतो.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये आणि अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये मेपलच्या झाडाचा रस आटवून पाक करतात, ४० लिटर रसाचा जेमतेम १ लिटर. त्यांच्याही पाकात क्षारांची वाळू बसते आणि तेही पाक गरमच, ८० अंशांच्या वर असताना गाळतात. त्यांची एक युक्ती आपण जरूर घ्यावी. जाड गाळणीच्या आत पातळ कापडाचे तीन-चार पदर वेगवेगळे ठेवतात. वरचा पदर गाळाने बुजला की तेवढाच अलगद उचलायचा, खालचा कोरा पदर तयार असतो. काम थांबत नाही, काकवी थंड होत नाही, आणि पिळण्याचा मोहही होत नाही.

एवढे करूनही अतिबारीक कण राहतातच. त्यांच्यावर उपाय एकच, काकवी ८ ते १० दिवस न हलवता ठेवणे. झाकणाची स्टीलची टाकी घ्या, तोटी तळापासून चार बोटे वर बसवा. मुंग्या आणि ओल यांपासून जपा. व्यापारी घाई करतात, तरी हे दिवस कमी करू नका. नंतर वरची निवळ काकवी तोटीने काढा, ८०-८५ अंशांपर्यंत मंद आचेवर तापवा, उकळू देऊ नका, आणि निर्जंतुक केलेल्या कोरड्या, गरम बाटल्यांत भरा. थंड बाटलीत गरम काकवी ओतली तर काच तडकते. संरक्षक द्रव्य घालायचेच असेल तर अन्न सुरक्षा नियमांतील मर्यादा पाहूनच घाला आणि लेबलवर तसे छापा.

बाटलीच्या तळाला काही दिसले म्हणजे तो गाळच असेल असे नाही. चमचाभर तळ काढून गरम पाण्यात ढवळा. पूर्ण विरघळला तर ती साखर आहे, म्हणजे पाक जास्त आटला. पाणी गढूळ राहून खाली काही बसले तर तो गाळ, आणि मग पुढच्या आधणाला मळी काढतानाच लक्ष द्या.