गेमचं कार्ड घेताय? आधी खोक्याची खालची पट्टी वाचा

पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास जुना गेम बघायला जाल तेव्हा स्वतःचा स्विच (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा कन्सोल) चार्ज करून सोबत न्या. कार्ड तिथेच घालून गेम सुरू होतोय का बघा, मगच पैसे द्या. कार्डाच्या मागचे सोनेरी पट्टे काळपट दिसले तर सरळ परत करा.

स्विच २ च्या गेमचं खोकं मात्र आधी नीट वाचा. पुढच्या बाजूला खाली ‘गेम-की कार्ड’ असं छापलेलं असेल तर त्या कार्डात गेम नसतोच, फक्त किल्ली असते. गेम नेटवरून उतरवावा लागतो. मी असं कार्ड पूर्ण किमतीला कधीच घेणार नाही. २७ मार्च २०२३ ला निन्टेन्डोच्याच जुन्या थ्रीडीएस कन्सोलच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी बंद झाली, पण माझी त्याची जुनी कार्डं आजही घातली की चालतात. मालकी म्हणतात ती हीच!

पावसाळ्यात कार्डं घट्ट झाकणाच्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. आणि स्विचचं कार्ड विकलंत तरी तुमचा सेव्ह, म्हणजे गेम कुठवर खेळलात त्याची नोंद, कन्सोलमध्येच राहतो, त्यामुळे तो पुसू नका.