गिटारच्या ब्रिज प्लेटसाठी लाकूड कसं निवडावं

स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारमध्ये सगळ्यात जास्त मार खाणारा भाग बाहेरून दिसत नाही. ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या वरच्या लाकडी तुकड्याच्या, बरोबर खाली, वरच्या फळीला आतून चिकटवलेली पातळ पट्टी म्हणजे ब्रिज प्लेट. प्रत्येक तार ब्रिजमधल्या आणि या पट्टीतल्या भोकातून आत जाते, भोकात पिन म्हणजे छोटी खुंटी बसते आणि तारेच्या टोकाचा पितळी मणी पट्टीला खालून अडकतो. लाइट गेजच्या, म्हणजे पातळ जाडीच्या, सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या वर जातो. वरची फळी बहुधा स्प्रूसची, म्हणजे मऊ. मणी थेट तिच्यावर टेकले तर ते तिला कुरतडून वर सरकतील. ते थोपवायला मध्ये कठीण लाकूड हवं.

लाकूड शोधायला निघण्याआधी तारा सैल करा, साउंडहोलमधून (वरच्या फळीतल्या मोठ्या गोल भोकातून) छोटा आरसा आणि बॅटरी आत घाला आणि आहे ती प्लेट नीट बघा. भोकांच्या कडा थोड्या झिजल्या असतील तर पूर्ण प्लेट काढू नका. जुनी प्लेट उचकटताना वरच्या फळीचे तंतू सोबत निघतात, आणि ते नुकसान भरून काढणं अवघड असतं. अशा वेळी जुन्या प्लेटवरच कठीण लाकडाची पातळ चकती चिकटवली की काम भागतं. प्लेट भोकांच्या ओळीत फुटली असेल, किंवा स्वस्त गिटारमधली प्लायची प्लेट पावसाळी दमटपणाने पदर सोडू लागली असेल, तरच नवीन करा.

मेपल की रोझवूड, हा वाद गिटारवाल्यांत कायम चालतो. माझं मत स्पष्ट आहे: जातीपेक्षा तुकडा आणि त्याचं माप महत्त्वाचं. मार्टिन कंपनीने १९६८ च्या सुमारास छोट्या मेपलच्या प्लेटऐवजी मोठी रोझवूडची प्लेट बसवायला सुरुवात केली आणि १९८८ च्या सुमारास ती पुन्हा छोट्या मेपलकडे वळली. त्या मोठ्या प्लेटच्या गिटारी दबक्या वाजतात, असं अनेक वादकांचं म्हणणं. आता हिशोब करून बघा. १७० बाय ३५ मिलिमीटरची, अडीच मिलिमीटर जाडीची प्लेट मेपलची केली तर साडेदहा ग्रॅमच्या आसपास भरते आणि रोझवूडची केली तर बारा ग्रॅमच्या थोडी वर. फरक दोन ग्रॅमचाही नाही. तीच रोझवूडची प्लेट २०० बाय ६० आणि तीन मिलिमीटर जाड केली की तीस ग्रॅम. वरची फळी हलते तेव्हा आवाज निघतो आणि हे सगळं वजन तिलाच हलवावं लागतं. तेव्हा आधी माप ठरवा, मग जात.

आमच्या कोल्हापुरात काय मिळतं? रोझवूड म्हणजे आपला शिसव, आणि तो जुन्या फर्निचरमध्ये आजही सापडतो. वाडे उतरवताना निघालेलं सामान विकणाऱ्यांकडे मोडक्या खुर्चीची पाठ, पलंगाची पट्टी असे तुकडे मिळतात. अनेक वर्षं वाळलेलं असं लाकूड वखारीतल्या ताज्या फळीपेक्षा मी केव्हाही आधी घेईन. वखारीतून नवा शिसव घेतलात तर बिल मागून घ्या. हेदूचा तुकडा मिळाला तर सोडू नका: पिवळसर, बारीक पोताचं, एकसारखं लाकूड, मेपलच्या बरंच जवळ जाणारं. साग टाळा. तो मेपलपेक्षा मऊ आहे, शिवाय तेलकटपणामुळे गोंद नीट धरत नाही. वाद्याचं लाकूड म्हणून बरेच जण मिरजेची वाट धरतात. तिथले सतारमेकर वापरतात त्या तून नावाच्या लाकडाबद्दल मला मनापासून आदर आहे, पण तून हलकं आणि मऊ असतं. तारेचा मणी त्यात रुतेल.

तुकडा हातात आला की त्याचं टोक बघा. टोकावरच्या वाढीच्या रेषा प्लेटच्या सपाट बाजूशी काटकोनात उभ्या हव्यात. आडव्या रेषांची पट्टी दमट हवेत वाकते. मग कडेवर पातळ शाईचा थेंब सोडा. शाई तंतूंच्या दिशेने पळते. ती कडेला समांतर गेली तर तंतू सलग आहेत. तिरपी उतरून बाहेर पडली तर तो तुकडा बाजूला ठेवा, कारण अडीच मिलिमीटरच्या जाडीत असे तंतू भोकापाशी तुटतात. शक्य असेल तर करवतीऐवजी पटाशीने चीर पाडून तुकडा काढा. लाकूड स्वतःच्या रेषेतच फाटतं, त्यामुळे शंका उरत नाही. गाठ, किडीचं भोक, फिकट कड यांतलं काही दिसलं तर तो तुकडा घेऊ नका.

कठीणपणा तपासायला जुन्या तारेचा मणी पुरे. तो तुकड्यावर ठेवून सी-क्लॅम्पने आवळा, मग तेवढेच फेरे देऊन दुसऱ्या तुकड्यावर आवळा आणि दोन्ही खड्डे तिरप्या उजेडात शेजारी धरून बघा. चांगल्या शिसवावर नुसती चकाकती टिकली उमटते. मऊ लाकडात मण्याची कड स्पष्ट बसलेली दिसते.

ओलावा हा आपल्याकडचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर इथली हवा एवढी दमट असते की वाळलेलं लाकूडही पुन्हा पाणी ओढतं. पावसाळ्यात घेतलेला तुकडा हिवाळ्यापर्यंत घरात राहू द्या. ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून तारखेसह लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. प्लेट बसवायलाही जानेवारी ते मे हा काळ बरा.

कापताना तंतूंची दिशा पिनच्या भोकांच्या ओळीत अगदी सरळ ठेवू नका, नाहीतर पहिली चीर भोकाभोकातून सरळ धावते. पंधरा-वीस अंश तिरपी ठेवा. शिसवाची बाजू चिकटवण्याच्या अगदी आधी घासा आणि ॲसिटोनने पुसून तेल काढा. सरस किंवा वाद्यांसाठीचा लाकडी गोंद वापरा. साधा पांढरा फर्निचरचा गोंद उन्हात तापलेल्या गाडीत मऊ पडून सरकतो. क्लॅम्प रात्रभर राहू द्या. भोकं वरून पाडताना आतून लाकडाचा ठोकळा दाबून धरा, म्हणजे खालची कड उचकटणार नाही. तारा चढवताना पिन दाबत दाबत तार वर ओढा. मणी पिनच्या टोकाखाली राहता कामा नये, बाजूला सरकून प्लेटला टेकला पाहिजे. तसा तो टेकलाय का, हे आरशातून सहाही तारांसाठी बघा आणि मगच सूर लावा.