नव्या प्रोसेसरसाठी कर्नलमध्ये डिबगर बसवायचाय? मग हे वाचून सुरुवात करा

सिस्टीम्समध्ये यायचंय म्हणणारी पोरं नेहमी विचारतात की कर्नलमध्ये नेमकं काय धरायचं, ड्रायव्हर लिहू का, शेड्युलर वाचू का. मी सांगतो की एखाद्या आर्किटेक्चरसाठी डिबगर सपोर्ट कसा घालतात ते स्वतः करून बघा. कोड थोडका असतो, लिनक्समधली रिस्क-फाईव्ह या आर्किटेक्चरसाठीची केजीडीबीची (कर्नलमध्येच बसवलेल्या डिबगरची) फाईल काही शे ओळींचीच आहे, पण तेवढं लिहायला ट्रॅप (प्रोसेसर चालू काम सोडून कर्नलच्या ठरलेल्या कोडकडे उडी मारतो तो प्रसंग), रजिस्टर, कॅशे, सगळे कोअर आणि सिरीयल पोर्ट एवढ्यांना हात लावावाच लागतो, पळवाट नाही. मी आधी एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमवर शिकण्यापुरतं केलं, मग नोकरीत लिनक्सवर एका रिस्क-फाईव्ह कोअरसाठी केलं, त्यावरून हे लिहितोय.

आधी एक गोंधळ मिटवू. क्यूएमूला, म्हणजे कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला, मायनस स्मॉल एस दिलं की १२३४ पोर्टवर जीडीबी हा डिबगर जोडता येतो, आणि मग पुष्कळांना वाटतं की झालं की, अजून काय पाहिजे! तो डिबगर बाहेरचा आहे, कर्नलला त्याचा पत्ताही नसतो, जेटॅगचंही, म्हणजे चिपच्या पिनांमधून बाहेरून डिबग करायच्या सोयीचंही, तसंच. आपण ज्याबद्दल बोलतोय त्यात कर्नल स्वतःच थांबतो आणि स्वतःचीच मेमरी, स्वतःचेच रजिस्टर सिरीयलवरून दाखवतो, म्हणजे ज्या फरशीवर उभे आहोत तीच उचकटून खालचा पाईप बघायचा. बोर्डावर जेटॅगची पिनच बाहेर काढलेली नसेल तर हाच आधार.

लिनक्समध्ये हे प्रकरण बरीच वर्षं बाहेरचा पॅच म्हणूनच फिरत होतं. आपल्याला डिबगर आवडत नाहीत हे लिनस टोरवाल्ड्सने २००० सालीच खणखणीत सांगितलं होतं, त्यामुळे केजीडीबी मेनलाईनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मुख्य कोडमध्ये, यायला २००८ उजाडलं, २.६.२६ मध्ये. त्याच्या मुख्य फाईलच्या वरच्या कॉपीराईट ओळी वाचा, त्यात अमित काळे हे नाव दिसतं, आपल्याला जरा बरं वाटतं एवढंच. त्यानंतर ६४ बिट आर्मला २०१४ मध्ये, रिस्क-फाईव्हला ५.८ मध्ये म्हणजे २०२० साली, आणि लूंगआर्चला ६.६ मध्ये २०२३ साली सपोर्ट आला. थोडक्यात नवीन प्रोसेसर आला की हे काम परत कुणीतरी करायचंच असतं.

आता प्रत्यक्ष काम. नवीन माणूस सगळा जोर प्रोटोकॉलवर लावतो. जीडीबीचा प्रोटोकॉल अगदी साधा आहे, डॉलर, मग मजकूर, मग हॅश आणि दोन हेक्स अंकांचा चेकसम, स्मॉल जी आला की सगळे रजिस्टर द्या, स्मॉल एम आला की मेमरी द्या. लिनक्समध्ये तर तो आधीच लिहिलेला आहे, एक्सव्ही६ वर स्वतः लिहायचा तरी त्यात अडकण्यासारखं फार नाही. खरी भानगड तुमच्या प्रोसेसरच्या स्वभावात आहे, तो कसा थांबतो, थांबल्यावर पीसी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवणारा रजिस्टर) कुठे असतो, आणि एकच पाऊल पुढे कसा जातो. मॅन्युअल घेऊन या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा, मगच एडिटर उघडा.

रजिस्टरचं टेबल आधी करा. जीडीबीला रिस्क-फाईव्हवर एक्स० ते एक्स३१ आणि मग पीसी याच क्रमाने हवं असतं, आणि एक्स० कायम शून्य असला तरी त्याची जागा सोडायचीच. उलट लिनक्सच्या स्ट्रक्चरमध्ये पीसी सगळ्यात आधी येतो, म्हणून सरळ कॉपी मारलीत तर एक्स० च्या जागी पीसी जातो, पीसीच्या जागी भलताच रजिस्टर येतो आणि बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनमधून कुठे आलो याची यादी) असा काही येतो की माणूस दोन दिवस स्टॅकलाच दोष देत बसतो. एक्सव्ही६ वर करत असाल तर कर्नलट्रॅप फंक्शनला काही पॅरामीटरच जात नाही, असेंब्लीतून सेव्ह केलेल्या रजिस्टरचा पॉइंटर तुम्हालाच आत पाठवावा लागेल आणि ज्या रजिस्टरांची बाकी कुणाला गरज नसते तीही सेव्ह करावी लागतील.

मग ब्रेकपॉइंट, म्हणजे जिथे थांबायचं तिथल्या इन्स्ट्रक्शनच्या जागी ट्रॅप करणारी इन्स्ट्रक्शन ठेवणं. रिस्क-फाईव्हवर त्यासाठीचं ईब्रेक चार बाइटचं आहे आणि त्याचंच छोटं रूप सी.ईब्रेक दोन बाइटचं, हेक्समध्ये ९००२. कर्नल कंप्रेस्ड (दोन बाइटच्या) इन्स्ट्रक्शन घेऊन बिल्ड केलेला असेल तर दोन बाइटचंच वापरायचं, कारण दोन बाइटच्या जागी चार बाइट ठोकले की शेजारची इन्स्ट्रक्शन मेली, आणि दुसरीकडून कुणी नेमकं तिथेच उडी मारून आलं तर पुढचं काहीही होऊ शकतं. एक्स८६ वर हा प्रश्नच नाही, तिथे एका बाइटचं सीसी आहे. पण तिथे दुसरी गंमत, ट्रॅप झाल्यावर पीसी त्या बाइटच्या पुढे गेलेला असतो, म्हणून एक वजा करायचा. रिस्क-फाईव्हवर पीसी ईब्रेकवरच उभा असतो. आपण लावलेल्या ब्रेकपॉइंटला ते सोयीचं, मूळ इन्स्ट्रक्शन परत ठेवली की झालं, पण कोडमध्येच कंपाईल केलेला ब्रेकपॉइंट असेल तर त्या इन्स्ट्रक्शनच्या लांबीइतका पीसी हाताने पुढे ढकलावा लागतो, नाहीतर कंटिन्यू म्हटलं की परत तिथेच थांबणार, जन्मभर.

आता सिंगल स्टेप, म्हणजे एकच इन्स्ट्रक्शन चालवून परत थांबणं. मला सगळ्यात आवडणारा भाग, आणि सगळ्यात छळणाराही. एक्स८६ वर एक ट्रॅप फ्लॅग लावला की काम झालं, ६४ बिट आर्मवर हार्डवेअरचं स्टेप बिट आहे. रिस्क-फाईव्हवर स्टेपचं बिट आहे खरं पण ते डिबग मोडच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जेटॅगवाल्यासाठी, एस मोडमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या पातळीवर चालणाऱ्या, कर्नलला ते दिसतच नाही. म्हणून मग सॉफ्टवेअरने करायचं, सध्याची इन्स्ट्रक्शन वाचायची, ही झाल्यावर पीसी कुठे जाईल ते आपणच काढायचं, तिथे तात्पुरता ब्रेकपॉइंट ठेवायचा, सोडायचं, थांबला की तो काढायचा. साधी इन्स्ट्रक्शन असेल तर दोन किंवा चार मिळवा. ब्रांच (अट असलेली उडी) असेल तर रजिस्टरच्या किमती बघून ती घेतली जाणार का ते ठरवा, आणि बीएलटी साइन्ड आहे, बीएलटीयू अनसाइन्ड आहे हे डोक्यात ठेवा. ब्रांच आणि जंपच्या इमिजिएटचे (इन्स्ट्रक्शनमध्येच लिहिलेल्या आकड्याचे) बिट विखुरलेले असतात, कंप्रेस्ड ब्रांचमध्ये रजिस्टर तीन बिटांत लिहिलेला असतो आणि तो एक्स८ पासून मोजायचा. हा डीकोडर कर्नलमध्ये टेस्ट करायच्या भानगडीत पडू नका, तो साध्या सी प्रोग्रॅममध्ये काढा, असेंबलरकडून इन्स्ट्रक्शन बनवून घ्या, ऑब्जडम्प या टूलने दाखवलेला पत्ता आणि तुमचा पत्ता जुळतो का बघा. लॅपटॉपवर हे सेकंदात होतं, कर्नलमध्ये प्रत्येक चुकीला रीबूट.

एलआर (मेमरी वाचून ती जागा राखून ठेवणारी) आणि एससी (ते रिझर्व्हेशन टिकलं तरच लिहिणारी) या इन्स्ट्रक्शनच्या मधोमध स्टेप करायला गेलात तर दर वेळी ट्रॅपमुळे रिझर्व्हेशन सुटू शकतं आणि तो लूप संपतच नाही. तुमचा कोड बरोबर असला तरी हे होणार, अशा वेळी लूपच्या पुढे ब्रेकपॉइंट लावून कंटिन्यू करायचं.

इथवर सगळं क्यूएमूवर झकास चालेल, आणि तेच फसवं आहे. इन्स्ट्रक्शन बदलल्यावर फेन्स.आय, म्हणजे कोअरला बदललेला कोड नव्याने घ्यायला लावणारी इन्स्ट्रक्शन, द्यावं लागतं, पण तुम्ही विसरलात तरी क्यूएमू काही बोलत नाही, कारण कोड बदलला की तो आपलं जुनं भाषांतर आपोआप टाकून देतो. खऱ्या बोर्डावर मात्र जुनीच इन्स्ट्रक्शन कॅशेतून चालते आणि ब्रेकपॉइंट कधी लागतो, कधी नाही. त्यात फेन्स.आय फक्त स्वतःच्या कोअरपुरतं. बाकीच्या कोअरना सांगायचं तर ते आधीच इंटरप्ट बंद करून थांबवलेले, त्यांना साधा इंटरप्ट पाठवून उत्तराची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. एसबीआयमधून, म्हणजे कर्नल आणि फर्मवेअर यांच्यातल्या ठरलेल्या इंटरफेसमधून, मागितलं तर ते काम एम मोडमधलं, म्हणजे सगळ्यात वरच्या अधिकाराचं, फर्मवेअर करतं, त्याला एस मोडचे इंटरप्ट बंद असल्याने फरक पडत नाही. शिवाय कर्नलचा कोड रीड-ओन्ली असतो, तिथे मेमकॉपी चालत नाही, कर्नलची पॅच करायची फंक्शन्स आहेत तीच वापरा.

सिरीयलबद्दल थोडक्यात, इंटरप्ट बंद असताना बोलायचं असल्याने यूएआर्टच्या (सिरीयल पोर्टच्या हार्डवेअरच्या) ड्रायव्हरमध्ये पोलिंगने, म्हणजे परत परत विचारत राहून, अक्षर घ्यायची-द्यायची सोय पाहिजे, ती नसेल तर आधी ती लिहा.

टेस्टिंगसाठी केजीडीबीटीएस नावाची टेस्ट कर्नलमध्येच आहे, ती स्वतः जीडीबीचं सोंग घेऊन ब्रेकपॉइंट आणि स्टेप तपासते, बूट लाईनवर केजीडीबीटीएस=व्ही१ दिलं की सुरू. आणि तुमचा स्टब, म्हणजे जीडीबीशी बोलणारा तुमचा कर्नलमधला कोड, स्वतःच लटकला तर? तेव्हा दोन जीडीबी लावायचे, एक सिरीयलवर तुमच्या स्टबशी बोलणारा आणि दुसरा क्यूएमूच्या १२३४ पोर्टवर, बाहेरून त्या स्टबलाच थांबवून बघणारा. बूट लाईनवर नोकएएसएलआर (कर्नल दर वेळी वेगळ्या पत्त्यावर जाऊ नये म्हणून) द्यायला मात्र विसरू नका, नाहीतर सिम्बॉलचे पत्ते जुळणार नाहीत.

नोकरीच्या दृष्टीने म्हणाल तर "डिबगर इंजिनिअर" अशी जाहिरात फारशी दिसणार नाही. चिप ब्रिंग-अप (नवी चिप पहिल्यांदा चालू करणं), बीएसपी (एखाद्या बोर्डासाठीचा पायाभूत कोड), फर्मवेअर, टूलचेन अशा टीम हे काम करणाऱ्याला शोधत असतात. आपल्याकडे आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही रिस्क-फाईव्हवालेच आहेत, त्यामुळे हे शिकलेलं देशातही कामाला येतं. इंटरव्ह्यूला जाताना प्रोजेक्टचं नाव सांगून थांबू नका, "ईब्रेकनंतर पीसी कुठे असतो आणि का" यावर दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. समोरचा या क्षेत्रातला असेल तर पुढचा प्रश्न बहुतेक कॅशेवरच येतो.