तोच की तसाच? युनिट टेस्ट शिकताना खाल्लेल्या काही आपट्या

जंगली महाराज रस्त्यावरच्या क्लासमध्ये जावा शिकताना 'दोन बरोबर चिन्हं आणि इक्वल्स यांत फरक काय' हा प्रश्न मी इतका घोकला होता की झोपेतून उठवलं असतं तरी उत्तर दिलं असतं. मुलाखतीत नेमका तोच आला, मी घडाघडा बोलले आणि बाणेरच्या एका छोट्या कंपनीत लागले. पहिलं काम युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एकेक तुकडा तपासणारा छोटा कोड, लिहायचं. दुसऱ्याच आठवड्यात त्याच प्रश्नावर तोंडावर पडले.

आमचं सॉफ्टवेअर हाउसिंग सोसायट्यांसाठी होतं. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, रहिवाशांची यादी. माझ्या टेस्टमध्ये फ्लॅट होते १०१, १०२, १०३. पडताळायला मी जेयुनिटचं (जावात टेस्ट लिहायचं साधन) असर्टसेम घेतलं होतं, कारण 'सेम' म्हणजे सारखं, एवढाच विचार. सगळं हिरवं, म्हणजे पास. टीम लीड मॅडमनी (नावाने हाक मार म्हणायच्या, पण बार्शीहून आलेल्या माझ्या तोंडाला ते जमेना) काही न बोलता १०१ खोडून १२०२ लिहिलं. टेस्ट लाल, म्हणजे नापास.

"तुझ्या सोसायटीत सगळे पहिल्याच मजल्यावर राहतात का गं?"

जावा -१२८ ते १२७ या आकड्यांचे इंटिजर ऑब्जेक्ट (पूर्णांक ठेवायच्या डब्याच म्हणा) एकदाच बनवून ठेवतं आणि मागाल तेव्हा तेच हातात देतं. त्यामुळे १०१ दोन्हीकडे एकच ऑब्जेक्ट होता, १२०२ मात्र दोन वेगळे. असर्टसेम, दोन बरोबर चिन्हांसारखंच, विचारतं 'तोच का?', असर्टइक्वल्स, इक्वल्ससारखं, विचारतं 'तसाच का?'. कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाही हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही. दोरीवरचा टॉवेल माझ्यासारखा आहे की माझाच आहे, यावरून आमच्या कर्वेनगरच्या खोलीत महिन्यातून एकदा तरी भांडण व्हायचं. क्लासमध्ये मी व्याख्या पाठ केली, टॉवेल आठवला नाही.

मग मॅडमनी मूळ कोडही उघडायला लावला. पावती आणि फ्लॅट जुळवताना तिथेही इंटिजरमध्ये दोन बरोबर चिन्हंच होती. म्हणजे माझी टेस्ट आणि कोड दोघंही एकच चूक करत होते, म्हणून एकमेकांशी छान जमत होतं.

पैशांचा किस्सा थोडक्यात सांगते. बिगडेसिमलमध्ये (जावाचा अचूक दशांश आकड्यांचा प्रकार) २५००.० आणि २५००.०० इक्वल्सने विचारलं तर वेगळे, कारण ते दशांश स्थळंही मोजतं. कम्पेअरटूने विचारलं तर उत्तर शून्य, म्हणजे किंमत समान. कुणीतरी कंटाळून त्या टेस्टमध्ये आकडे डबलमध्ये (दशांश आकडे अंदाजे ठेवणारा प्रकार) बदलले होते आणि असर्टइक्वल्सच्या तिसऱ्या जागी १ टाकला होता. तिसरी जागा म्हणजे किती फरक चालेल ते. एक रुपयापर्यंतचा फरक माफ! विलंब शुल्कात साठ पैशांची चूक होती आणि टेस्ट कित्येक महिने निवांत हिरवी. डबलमध्ये ०.१ अधिक ०.२ नेमके ०.३ होत नाहीत, तेव्हा थोडी सूट लागते हे खरं. पण पैसे मुळात डबलमध्ये ठेवूच नयेत, असं माझं ठाम मत झालं आहे.

खरी झोप उडवली ती एका आडनावाने. रहिवाशांच्या यादीत 'कुऱ्हाडे' शोधलं की काही सापडेना. मी टेस्ट लिहिली, ती पडली, आणि संदेश आला: अपेक्षित कुऱ्हाडे, मिळालं कुऱ्हाडे. डोळे फाडफाडून पाहिलं. फॉन्ट मोठा केला. शेजारच्याला दाखवलं, तो म्हणाला चष्मा बदल. शेवटी दोन्ही शब्दांची लांबी छापली: एक ८, दुसरा ९. मग एकेक अक्षराचा कोड छापला तेव्हा उलगडलं.

आपला हा 'ऱ्ह' तीन प्रकारे टाइप होतो. यूनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला कोड देणारं मानक) ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, ती पहिली पद्धत. साधा र आणि त्याला वेगळा नुक्ता, म्हणजे खालचा टिंब, ही दुसरी. आणि र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, ही तिसरी. कीबोर्ड बदलला की पद्धत बदलते, पडद्यावर मात्र तिन्ही एकसारखे. जावाच्या नॉर्मलायझरने एनएफसी (एकाच अक्षराचं एकच ठरलेलं) रूप केलं की पहिल्या दोन एक होतात. मी खूश होऊन तेवढंच केलं आणि टेस्ट परत लाल, कारण जॉइनरवाली तिसरी तशीच राहते. ती यूनिकोडच्या लेखी वेगळीच आहे. शेवटी जतन करण्याआधी ती आम्ही स्वतः बदलून घेतो, आणि शोधातल्या शब्दालाही तेच करतो. मराठी मजकुरावर काम करणार असाल तर टेस्टमध्ये वऱ्हाडे, गोऱ्हे, 'दुसऱ्या मजल्यावर' असले शब्द मुद्दाम टाका. 'राम' आणि 'कमल' टाकून काहीही सापडत नाही.

दुसऱ्या भाषांतही हेच, फक्त खड्डे वेगळ्या जागी. पायथॉनमध्ये असर्टनंतर तुलना आणि संदेश दोन्ही एकाच कंसात घातले की तो टपल (मूल्यांचा गठ्ठा) होतो, आणि रिकामा नसलेला टपल कायम खराच, म्हणून टेस्ट कधी पडतच नाही. पायथॉन त्याबद्दल इशारा देतं, पण इशारे वाचतो कोण? जावास्क्रिप्टच्या जेस्टमध्ये टूइक्वल अनडिफाइन्ड (किंमतच नसलेले) गुणधर्म सोडून देतं, काटेकोर हवं असेल तर टूस्ट्रिक्टइक्वल. आणि आमच्या जावातही, जेयुनिट ५ मध्ये, दोन अ‍ॅरे असर्टइक्वल्सला दिले तर आतले आकडे न बघता 'तोच का' एवढंच पाहिलं जातं, त्यासाठी असर्टअ‍ॅरेइक्वल्स आहे. ही यादी पाठ करू नका. मी पाठ केली होती, काय झालं ते वर सांगितलंच.

त्याऐवजी एक सवय मॅडमनी लावली ती लावून घ्या. टेस्ट हिरवी झाली की कोडमध्ये मुद्दाम एक चूक करायची आणि ती लाल होते का बघायचं. नाही झाली तर ती टेस्ट काहीच विचारत नाहीये. पहिले काही दिवस हे वेळकाढू वाटतं, शिवाय ती चूक परत काढायला विसरण्याची भीती असते (मी एकदा विसरले, तो दिवस वेगळा). आणि टेस्ट लाल झाली की संदेश शब्दन् शब्द वाचा. जेयुनिट कधीकधी 'अपेक्षित ५, मिळाले ५' म्हणतं आणि शेजारी एकाला इंटिजर, दुसऱ्याला लाँग (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) लिहितं. सगळं उत्तर त्या शेजारच्या शब्दात असतं.

हल्ली माझ्या टेस्टमध्ये एक रहिवासी ठरलेला आहे: कुऱ्हाडे, फ्लॅट १२०२, थकबाकी २५००.०० रुपये. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाने परवा हळूच विचारलं, "ताई, हे काका इतके दिवस पैसे का भरत नाहीयेत?"