लोअरिंग स्प्रिंग बसवताना बोल्ट शेवटी आवळा

गाडी खाली आणण्यासाठी छोट्या स्प्रिंग बसवताना बहुतेकांचं सगळं लक्ष स्प्रिंगवर असतं. चूक होते ती कंट्रोल आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बोल्टमध्ये. गाडी जॅकवर असताना चाकं खाली लोंबकळत असतात, आणि तशातच बोल्ट पूर्ण आवळला की त्या सांध्यातला रबरी बुश त्याच स्थितीत पकडला जातो. मग गाडी जमिनीवर आली की तो बुश कायम पिळलेला राहतो. रबर लवकर फाटतं, शिवाय गाडी हवी तेवढी खालीही बसत नाही, आणि दोष बिचाऱ्या स्प्रिंगला!

म्हणून हे बोल्ट आधी फक्त हाताने आवळून ठेवा. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, रॅम्पवर किंवा आर्मखाली जॅक देऊन, कंपनीने दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळा. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या एकत्र जोडणीच्या) वरच्या नटला हात लावण्याआधी मात्र स्प्रिंग दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर समोरासमोर नीट बसलाय ना, ते दोनदा बघा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं. इथे घाई नकोच.

काम सुरू करण्यापूर्वी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांपाशी मोजून लिहून ठेवा. नंतर किती फरक पडला ते कळेल. बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेल्यावर धक्का झेलणारे रबरी ठोकळे) कापायचे की नाही, ते स्प्रिंगसोबतच्या सूचनांत पाहा, अंदाजाने कापू नका. थोडे दिवस गाडी चालवून स्प्रिंग स्थिरावल्या की व्हील अलाइनमेंट करून घ्या. उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि टो (चाकाच्या पुढच्या टोकाची आत-बाहेरची दिशा) दोन्ही हलतात, टायर आतल्या कडेने झिजायला लागतात. हेडलाइटची दिशाही तपासा.