स्वयंपाकघराच्या फॉल्स सीलिंगमध्ये दिवे कसे बसवावेत

स्वयंपाकघरातला दिवा बहुतेक वेळा जागेतच चुकतो. खोलीच्या मधोमध दिवा असला की ओट्याशी उभं राहणाऱ्याची सावली नेमकी सुरीखाली पडते. म्हणून ओट्याच्या पुढच्या कडेची रेघ छतावर घ्या आणि दिव्यांची रांग त्या रेघेवर ठेवा. ओटा ६० सेंटिमीटर रुंद असेल, तर भिंतीपासूनचं अंतरही साधारण तेवढंच येतं. शेगडीच्या थेट वर मात्र दिवा नको. वाफ आणि तेलकट थर त्याला टिकू देत नाहीत.

खुणा झाल्या की प्रत्येक ठिकाणी छोटं छिद्र पाडा, वाकवलेली तार आत घालून गोल फिरवा. चॅनल (फॉल्स सीलिंग धरणारी धातूची पट्टी), पाइप किंवा वायर आड आली तर जागा थोडी सरकवा. ड्रायव्हरला, म्हणजे एलईडी दिव्याला हवी तशी वीज देणाऱ्या डबीला, पुरेल इतकी उंची वर आहे का, तेही पाहा.

आता वीज. भिंतीवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण फेजऐवजी (वीज आणणारी वायर) न्यूट्रलवर (परतीची वायर) बसवलेलं असतं. दिवा विझतो, पण फेज वर जिवंतच राहतो. त्यासाठी बोर्डावरची एमसीबी, म्हणजे त्या लाइनचा मुख्य खटका, पाडा आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी ती चढवणार नाही. मग टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासा, नंतर दिव्याच्या वायरींवर, आणि पुन्हा सॉकेटवर. बिघडलेला टेस्टरही ‘वीज नाही’ असंच सांगतो, म्हणून हा खटाटोप.

भोक होल सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने, पाडा. खोक्यावर छापलेलं कटआउटचं माप घ्यायचं, बाहेरच्या रिंगचं नव्हे. चष्मा आणि मास्क हवाच, जिप्समची भुकटी थेट डोळ्यांत येते.

जोडणीत घाई नको. छताआड सैल राहिलेला जोड तापत जातो आणि कुणाला दिसत नाही. नुसती टेप गुंडाळून भागवू नका. कनेक्टर वापरा आणि प्रत्येक जोड बंद डबीत ठेवा. वायर ओढून पाहा, उघडं तांबं बाहेर दिसता कामा नये. सगळे दिवे समांतर (पॅरलल) जोडा, म्हणजे प्रत्येक दिव्याला फेज आणि न्यूट्रल थेट मिळेल. धातूच्या दिव्याला अर्थिंग द्या. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या दुहेरी इन्सुलेशनच्या दिव्याला ते लागत नाही. छतावर उष्णतारोधक थर असेल, तर त्याखाली झाकलेला चालतो असं स्पष्ट लिहिलेलाच दिवा घ्या.

वर अर्थिंगची वायर नसेल, जुन्या वायरींचं आवरण तडकत असेल किंवा बोर्डापासून नवी लाइन ओढायची असेल, तर तिथेच थांबून परवानाधारक वायरमनला बोलवा.

स्प्रिंग दोन्ही बाजूंनी वर दाबून धरा, दिवा भोकात सरकवा, बोटं वेळीच काढा. ती स्प्रिंग जोरात बसते. एमसीबी चढवून तासभर सगळे दिवे चालू ठेवा. एखादा लुकलुकला, तर पुन्हा एमसीबी पाडून आधी त्याचा जोड उघडून पाहा.