ग्रेनेडाइन्समध्ये उन्हाच्या वेळा पाहून फिरा

कॅरिबियन समुद्रात सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडा यांच्या दरम्यान पसरलेल्या ग्रेनेडाइन्स बेटांमध्ये शिडाच्या बोटीने फिरताना दिवसाचा बेत अंतरापेक्षा उन्हावरून आखावा. टोबॅगो कीजसारख्या प्रवाळांनी वेढलेल्या जागी साधारण सकाळी 10 ते दुपारी 3 या वेळेत, सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असतानाच शिरावे, कारण तेव्हाच पाण्याच्या रंगावरून खोलीचा अंदाज येतो : गडद निळे पाणी खोल असते, फिकट हिरवट-निळ्या पाण्याखाली उथळ वाळू असते आणि तपकिरी डाग दिसला की खाली प्रवाळ किंवा समुद्रगवत आहे असे समजून बोट दूर ठेवावी. पोलराइज्ड (पाण्यावरची चकाकी कमी करणारा) गॉगल लावलेला एक जण बोटीच्या पुढच्या टोकाला उभा असावा, आणि ढग आडवा येऊन सगळे पाणी एकाच रंगाचे दिसू लागले, तर तो सरेपर्यंत निःसंकोच थांबावे. नांगर फक्त वाळूतच टाकावा. साखळीने मोडलेले प्रवाळ पुन्हा वाढायला अनेक वर्षे लागतात. मुंबईत शिडाची बोट चालवायला शिकलेल्यांनी विशेष लक्षात ठेवावे की, आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला ठेवतात, तर कॅरिबियनमध्ये तो उजव्या हाताला ठेवावा लागतो.